बॅलन्स बोर्ड आणि फंक्शनल ट्रेनिंग : मुलासोबतचे सात महिने

आधीच सांगते, वजन उतरेल या आशेने वाचत असाल तर निराश व्हाल. सुरुवात केली तेव्हा मुलगा साडेदहा वर्षांचा होता, उंची १४३ सेंमी, वजन ५४ किलो. आज १४६.५ आणि ५४.८. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २६.४ वरून २५.५ वर आला, तोही उंचीच्या कृपेने. तरी पाचपैकी चार तारे देतेय, कारण पोरगा पडायचा थांबला.

व्हॅनमधून उतरताना, बाथरूमच्या उंबऱ्याशी, खो-खोत वळताना, कुठेही पडायचा. गुडघ्याची खपली निघायच्या आत नवी जखम. आम्ही 'धांदरट आहे' म्हणून मोकळे. सासूबाईंचं म्हणणं, "उंची काढेल गं, मग येईल सगळं जागेवर." शाळेत पीटीच्या तासाला त्याला वह्या सांभाळायला बाजूला बसवायचे, हे तर आम्हाला फार उशिरा कळलं. गुडघा सुजला म्हणून फिजिओकडे गेलो, तर मॅडमनी आधी त्याला एका पायावर उभं केलं. उजव्यावर नऊ सेकंद, डाव्यावर चार. डोळे मिटून दोनसुद्धा धड नाहीत.

त्यांनी समजावलं ते असं. डोळे, कानाच्या आतला भाग आणि तळपाय-घोट्यांतली जाण, या तिघांवर तोल चालतो. पोटाचं वजन शरीराला पुढे ओढतं, मूल कंबर आत घेऊन उभं राहतं. तळपायाची कमान दबते, गुडघे आत वळतात. पायात ताकद असते, पण उचलायच्या वजनाच्या मानाने ती कमी पडते. आमचा मुलगा सगळा कारभार नजरेवर चालवत होता; डोळे मिटले की कोसळला. आणि पडायच्या भीतीने हालचाल टाळली, की सराव आणखी कमी.

फंक्शनल ट्रेनिंग हे नाव भारी, पण काम घरातलंच. हात न टेकता पाटावरून उठणं-बसणं. एका पायरीवर चढ-उतार. एका हातात पाण्याची बाटली घेऊन फरशीच्या रेघेवरून चालणं, मध्येच मागून हाक मारली की वळून बघणं. एका पायावर उभं राहून चेंडू झेलणं. पहिला महिना आठवड्यातून दोनदा क्लिनिकमध्ये, नंतर घरीच चार दिवस, पंचवीस मिनिटं. (डब्ल्यूएचओच्या शिफारशीप्रमाणे या वयात रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी. आमची पंचवीस मिनिटं त्यात धरायची, तेवढ्यावर भागत नाही. संध्याकाळचं खाली खेळणं चालूच ठेवलं.)

आता बॅलन्स बोर्ड. लाकडी, खालून घुमटासारखा. आमच्या गुळगुळीत टाइल्सवर दुसऱ्याच दिवशी सटकला. मी मागे उभी होते म्हणून निभावलं. तिसऱ्या आठवड्यात तळाचं रबर निघालं. कंपनीला फोटो पाठवले, 'तक्रार नोंदवली आहे' एवढं उत्तर आलं आणि मग सामसूम. आता योगा मॅटवर ठेवून वापरतो. घेणार असाल तर किती किलोपर्यंत चालतो ते आधी बघा. मुलांसाठीचे काही बोर्ड आमच्या मुलाचं वजन पेलणारे नव्हते. दीड महिन्यात पोरालाही त्याचा कंटाळा आला. हवेची गोल उशी जास्त टिकली, कारण तिच्यावर उभं राहून तो टीव्हीवर क्रिकेट बघतो. कापलेला एक तारा या बोर्डाचा.

खरी कमाल केली लंगडीने. मॅडमनी तिसऱ्या महिन्यापर्यंत उडी मारू दिली नाही, गुडघ्यावर एकदम भार नको म्हणून. मग एक उडी, दोन अंक मोजेपर्यंत स्थिर. मग दोन उड्या. पाचव्या महिन्यात सोसायटीतल्या पोरांनी त्याला राज्य दिलं आणि त्याने तिघांना बाद केलं. त्या दिवशी व्यायामाची आठवण मला करून द्यावी लागली नाही.

सात महिन्यांनंतर एका पायावर उजवा ३८ सेकंद, डावा ३१, डोळे मिटून आठ. दिवाळीच्या सुट्टीत नाशिकच्या डोंगरावरच्या पांडवलेणीला गेलो. चढताना धापा टाकल्या, ते अपेक्षितच होतं. उतरताना मात्र माझा हात धरला नाही. गेल्या वर्षी तिथेच बसून बसून उतरला होता.

न बदललेलं पण सांगते. तळपाय अजून सपाटच आहेत. पळण्याचा वेग तोच. परीक्षेच्या तीन आठवड्यांत सगळं बंद पडलं, तर डावा पाय लगेच १९ सेकंदांवर घसरला. परत आणायला महिना गेला. सायकलवर हात सोडून वळण दाखवणं अजून जमत नाही, त्यामुळे मुख्य रस्त्यावर पाठवत नाही. आणि दुखऱ्या गुडघ्याचं मूल असेल तर व्हिडिओ बघून उड्या सुरू करू नका, आधी एकदा फिजिओला दाखवा. आमचा पुढचा खर्च बुटांच्या आतल्या पट्ट्यांचा आहे. वापरून झाल्यावर त्याचंही लिहीन.