जुन्या नाण्यांसाठी धातू शोधणारं मशीन घ्यावं की नाणी विकत घ्यावीत?

पैठण ही सातवाहनांची राजधानी. तेर म्हणजे रोमशी व्यापार करणारं जुनं तगर. दौलताबादला महंमद बिन तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी आणली आणि पुढे निजामाचा अंमल थेट १९४८ पर्यंत राहिला. मराठवाड्याच्या जमिनीत नाणी आहेत यात शंकाच नाही. म्हणूनच मेटल डिटेक्टर घ्यावा, की तेच पैसे नाणी विकत घेण्यात घालावेत, असा प्रश्न इथे पडतो. माझं मत आधीच सांगतो: ओढ नाण्यांची असेल तर मशीन घेऊ नका.

पहिलं कारण आपली माती. साध्या किमतीत मिळणारी मशीन बहुतेक व्हीएलएफ, म्हणजे अगदी कमी वारंवारतेच्या लहरींवर चालणाऱ्या प्रकारची असतात. लोखंड कोणतं आणि तांबं-चांदी कोणती याचा अंदाज ती देतात. पण आपली काळी माती बेसाल्टची. त्यात मॅग्नेटाइट असतं आणि त्यामुळे मशीन रिकाम्या जागीही कुरकुरत राहतं. ग्राउंड बॅलन्स करून, म्हणजे मशीन त्या मातीशी जुळवून, ते शांत करावं लागतं, आणि अशा मातीत खोलीही कमी मिळते. एका सुट्या नाण्याचा आवाज वीतभर खोलीपर्यंत मिळाला तरी पुष्कळ. काळी जमीन तर उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचं नाणं त्या भेगांतून खाली उतरू शकतं. नांगरट होत राहते ते वेगळंच.

दुसरा प्रकार पल्स इंडक्शनचा. मातीचा त्रास त्याला कमी होतो आणि ते खोल जातं, पण धातूची पारख त्याला फारशी जमत नाही. आपल्या रानात खिळे, फाळाचे तुकडे, तारा आणि बैलगाडीच्या धावेचे कपटे किती असतात ते शेतकऱ्याला सांगायला नको. दिवसभर खणून गंजकं लोखंडच हाती येईल. सातवाहनांची लहान शिशाची आणि पोटीनची (तांब्याच्या मिश्रधातूची) नाणी तर दोन्ही मशीनना अवघड. चांदीच्या रुपयासारखा खणखणीत आवाज ती देत नाहीत, आणि कचरा गाळायला गेलं की त्याबरोबर तीही गाळली जातात.

नाणी सापडण्याची खरी जागा म्हणजे पांढर, जुन्या वस्तीचं टेकाड. माळवदावर टाकायला लोक तिथूनच माती आणायचे आणि त्या मातीत नाणी निघायची. पण संरक्षित स्थळात परवानगीशिवाय खणता येत नाही. स्वतःच्या शेतातसुद्धा १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो: जमिनीत दडलेला १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. लपवला तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. शासनाने तो ठेवून घेतला तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा मिळतो. शिवाय रात्री-अपरात्री मशीन घेऊन रानात फिरणारा माणूस गावाला गुप्तधनवालाच वाटतो.

मला सर्वांत जास्त खटकतं ते वेगळंच. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला चांदीच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. क्षत्रप राजा नहपानाच्या नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला त्यात मोठ्या प्रमाणात दिसला. कोणी कोणाला हरवलं, हे त्या साठ्याने सांगितलं. तीच नाणी एकेक करून खिशात गेली असती, तर हा पुरावा एवढा ठळक राहिला नसता.

विकत घेण्यातही धोके आहेत. १०० वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती परदेशी नेता येत नाहीत. म्हणून विक्रेत्याचा परवाना पाहा आणि पावती घ्या. ‘शेतात सापडलंय, गुपचूप घ्या’ म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. फसवणूक टाळायला खिशात छोटा वजनकाटा ठेवा. निजामाचा चारमिनार छापाचा चांदीचा रुपया सुमारे ११.१८ ग्रॅम भरतो. वजन फारच वेगळं आलं, किंवा कडेला ओतकामाची रेघ दिसली, तर परत करा. सातवाहन नाण्यांपर्यंत जाण्याआधी तेरचं लामतुरे संग्रहालय आणि पैठणचं बाळासाहेब पाटील संग्रहालय नीट पाहून घ्या. त्या नाण्यांवरचा हत्ती आणि उज्जैन चिन्ह (टोकांना वर्तुळं असलेली फुली) प्रत्यक्ष पाहिली असली की नकल ओळखायला डोळा तयार होतो. सुरुवात निजामाच्या तांब्याच्या नाण्यांपासून करणं सोपं.

मशीन घेण्याला अर्थ आहे तो एवढाच: रानात हरवलेली अंगठी शोधायची आहे, किंवा स्वतःच्या पडक्या वाड्याची जागा साफ करताना धातू निघतोय का ते पाहायचं आहे. त्याला साधं व्हीएलएफ आणि लहान कॉइल (जमिनीवर फिरवायची तबकडी) पुरते, महागडं काही नको. आणि अशा वेळी एकाच जागी तीन-चार जुनी नाणी लागली, तर हात थांबवा, नाणी धुऊ-घासू नका, आहेत तिथेच फोटो काढा आणि तहसील कार्यालयामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवून पोच घ्या.