फोटोला जेपेग, लोगोला पीएनजी

जेपेग आणि पीएनजी हे चित्र साठवायच्या फाइलचे दोन प्रकार. जेपेग १९९२ पासूनचं. डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे ते गाळून टाकतं, म्हणून दुकानाचा किंवा मालाचा फोटो बराच हलका होतो आणि वेबसाइटचं पान चटकन उघडतं. पण तीच फाइल पुन्हा पुन्हा एडिट करून सेव्ह केली, की दरवेळी आणखी थोडं गळतं. अक्षरांच्या कडेला तर मळकट ठिपके दिसू लागतात.

पीएनजी १९९६ मध्ये आलं, जीआयएफ या आधीच्या चित्र-फाइलीच्या प्रकारावरल्या पेटंटच्या कटकटीतून. ते काही गाळत नाही, शिवाय पार्श्वभूमी पारदर्शक ठेवता येते. लोगो, स्क्रीनशॉट, देवनागरी मजकुराचं चित्र असेल तर मी डोळे झाकून हेच घेतो. मोबाइलवर काढलेले फोटो मात्र पीएनजीत चढवू नका, फाइल भलतीच फुगते. आणि हो, जेपेगचं नंतर पीएनजी केलं म्हणून गेलेले बारकावे परत येत नाहीत.