गाडीवरचा टॅक्स आणि इन्कम टॅक्सचं पोर्टल: अडकलेला १ टक्का कसा सोडवाल

आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या रिटर्नपुरता हा आढावा.

आरटीओत भरलेला रोड टॅक्स किंवा गाडीवरचा जीएसटी पगारातून वजा करायला ई-फायलिंग पोर्टलवर रकाना नाही. शोधत बसू नका, कायद्यातच तशी सूट नाही.

शोरूमच्या बिलावरची टीसीएसची (विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच गोळा केलेला इन्कम टॅक्स) ओळ मात्र नीट बघा. गाडी १० लाखांच्या वर गेली की १ टक्का घेतात, तोही वरच्या रकमेवर नाही, पूर्ण किमतीवर. १४ लाखांना १४,००० रुपये. हा खर्च नव्हे. तुमच्या पॅनवर आगाऊ जमा झालेला इन्कम टॅक्स आहे. तो परत मिळवून द्यायला पोर्टल खरंच चांगलं आहे. ई-फाइलमधून फॉर्म २६एएस (तुमच्या पॅनवर जमा टॅक्सचा उतारा) उघडा, रक्कम टीसीएसच्या भागात दिसते. रिटर्नमध्ये ती बहुतेक वेळा आपोआप येते, तरी फॉर्म २७डीशी, म्हणजे डीलरने दिलेल्या टीसीएसच्या प्रमाणपत्राशी, ताडून पाहा.

रक्कम दिसत नसेल तर दोनच शक्यता जास्त. डीलर गोळा केलेल्या टीसीएसचं विवरण तिमाहीने भरतो, त्यामुळे दिवाळीतल्या गाडीची नोंद जानेवारीतच येते. नाहीतर पॅन चुकलेला असतो. तो पोर्टलवर दुरुस्त होत नाही, डीलरलाच विवरण सुधारून भरावं लागतं. बिल वडिलांच्या नावावर असेल तर पैसे मुलाने भरले तरी जमा वडिलांच्याच पॅनवर.

मराठवाड्यात पैसा इथेही अडकतो. सोयाबीन किंवा हळदीच्या पैशातून गाडी घेतली, शेतीवर टॅक्स नाही म्हणून रिटर्न भरलंच नाही, की ते १४,००० सरकारकडेच पडून राहतात. शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर असेल तर आयटीआर-१ हा रिटर्नचा साधा फॉर्म चालत नाही, आयटीआर-२ घ्या. बँक खातं आधी पोर्टलवर व्हॅलिडेट करा (पडताळून घ्या) आणि रिटर्न भरल्यापासून ३० दिवसांत ते ई-व्हेरिफाय करा, म्हणजे ऑनलाइन दुजोरा द्या, नाहीतर रिफंड लटकतो.

डाळ मिल किंवा आडत दुकानाच्या कामाला गाडी असेल तर आयटीआर-३. क्रेडिट न घेतलेला (धंद्याच्या जीएसटीतून वळता न केलेला) जीएसटी आणि एकरकमी रोड टॅक्स गाडीच्या किमतीत मिळवून त्यावर १५ टक्के घसारा, म्हणजे झिजेपोटी नफ्यातून वजावट, मिळतो. त्या वर्षी वापर १८० दिवसांपेक्षा कमी असेल तर निम्मा. घरगुती वापराचा हिस्सा तुम्हीच वजा करायचा, पोर्टल विचारत नाही. अंदाजित नफ्यावर (उलाढालीच्या ठरावीक टक्क्याने धरलेल्या नफ्यावर) आयटीआर-४ भरणाऱ्यांना मात्र घसारा वेगळा दाखवता येत नाही. टीसीएस त्यांनाही मिळतो.