पुरवणीला दोन प्रती की वाचनालयाला?

पदरचे पैसे घालून कवितासंग्रह काढला, तीनशे प्रतींचे गठ्ठे सोफ्यामागं येऊन पडले, की घरचे रोज झाडू मारताना त्यांच्याकडं बघतात. कवितेच्या बऱ्याचशा प्रती वाटाव्याच लागतात, हे तुम्हाला माहीत असणारच. अडतं ते एवढ्यावरच की कुणाला दिल्या तर चार ओळींचा अभिप्राय मिळेल. पहिल्या संग्रहाला मी वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्या आणि मासिकं धरली, दुसऱ्याला सांगलीतली आणि आसपासच्या तालुक्यांतली वाचनालयं.

पुरवणीचा मोठा गुण म्हणजे कात्रण. पुरस्काराच्या अर्जाला जोडता येतं, व्हॉट्सॲपवर फिरवता येतं, आणि ज्या काकांनी जन्मात कविता वाचली नाही तेही फोन करतात. खर्च मात्र धरून चला. परीक्षणासाठी दोन प्रती पाठवायची रीत आहे, आणि २०२५मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा हिशेब स्पीड पोस्टाच्या दरानं करायचा. बहुतेक ठिकाणी 'साभार पोच'मध्ये, म्हणजे आलेल्या पुस्तकांच्या यादीत, नाव येतं आणि विषय संपतो. एका ठिकाणाहून फोन आला, "सर, परीक्षण तुम्हीच कुणाकडून तरी लिहून पाठवा, आम्ही लावतो." हे सर्रास चालतं, त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही.

वाईट वाटलं ते छापून आलेल्या एकुलत्या एक परीक्षणाचं. माझं पुस्तक पाच फॉर्मचं, छपाईचा एक फॉर्म सोळा पानांचा, म्हणजे ऐंशी पानांचं. शेवटच्या प्रुफाला एक कविता एक्याऐंशीव्या पानावर जायला लागली. आयर्विन पुलावरची, पुराच्या रात्रीची. एका पानासाठी सहावा फॉर्म परवडेना, म्हणून कविता काढली. प्रस्तावनेत तिच्याबद्दल दोन वाक्यं होती, ती काढायची राहून गेली. चूक माझीच. पण परीक्षणात अर्धा परिच्छेद त्याच कवितेवर! 'आयर्विन पुलावरची कविता वाचकाला अंतर्मुख करते.' कुठल्या वाचकाला? ती माझ्या वहीत होती. मी ते कात्रण तीनदा वाचलं, मग बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "चांगलं लिहिलंय की." लॅमिनेशन केलेलं ते कात्रण अजून कपाटात आहे आणि पुरस्काराच्या अर्जाला मी ते जोडलंही, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या खेपेला चाळीस प्रती वाचनालयांना दिल्या. सांगलीत पुस्तक दिलं की वाचनालयवाले आनंदानं घेतात, कारण २०१९च्या महापुरात नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं पाण्यात गेली हे इथं कुणी विसरलेलं नाही. तालुक्याची, सरकारी वर्गवारीतली 'ब' वर्गाची वाचनालयं तर पुस्तक घेऊन चहाही पाजतात. प्रत्येक प्रतीत एक चिठ्ठी ठेवली: आवडलेली एक कविता, न आवडलेली एक, आणि माझा पत्ता. काही प्रती संक्रांतीला औदुंबरच्या साहित्य संमेलनात हातोहात दिल्या. तिथं कृष्णाकाठी कविता ऐकायलाच माणसं जमतात, त्यामुळं पुस्तक पिशवीत जाण्याआधी निदान उघडलं तरी जातं.

चाळिसातल्या नऊच चिठ्ठ्या परत आल्या. त्यातही चार 'छान, असेच लिहीत राहा' छापाच्या. पण एक आली हळदीच्या पेठेत हयात घालवलेल्या गृहस्थांची. माझ्या एका कवितेत आई श्रावणात हळद काढते. त्यांनी लिहिलं होतं: 'श्रावणात हळद जमिनीत वाढत असते. काढतात माघ-फाल्गुनात, मग शिजवून वाळवतात. तुमची आई शेतावर गेली नसावी. बाकी कविता चांगली आहे, विशेषतः शेवटच्या दोन ओळी.' कान गरम झाले. आई खरंच कधी शेतावर गेली नव्हती. पण त्या माणसानं कविता शेवटच्या ओळीपर्यंत वाचली होती.

ऑनलाइन विक्रीच्या संकेतस्थळांचं म्हणाल, तर तिथं घरच्यांची आणि मित्रांची परीक्षणं काढून टाकली जाऊ शकतात आणि आपल्याला बाकी वाचक असतात कुठं? ती वाट मी सोडून दिली.

तुम्हाला पुरस्कारासाठी अर्ज करायचा असेल किंवा गावात नाव व्हावं असं वाटत असेल, तर पुरवणीला पाठवा, मी अडवणार नाही. धुळ्याच्या 'कवितारती'सारख्या कवितेलाच वाहिलेल्या नियतकालिकालाही जरूर पाठवा, त्यांची गोष्ट वेगळी. कुणाला कात्रणापेक्षा चिठ्ठी कमी वाटेल, तर तेही मला समजतं. चिठ्ठी कुणाला दाखवता येत नाही.

तिसरा संग्रह आता प्रुफाला आहे. पुरवण्यांसाठी चार प्रती बाजूला काढल्यात, वाचनालयांसाठी साठ. प्रस्तावना कुणाकडून लिहून घेतलेली नाही. हळद माघात काढली जाते आणि आयर्विन पूल पान नऊवर आहे.