बीएलडीसी पंखे: अकोल्याचा उन्हाळा आणि पावसाळा काढल्यावर

साध्या पंख्याच्या जवळपास दुप्पट पैसे मोजून बीएलडीसी पंखा, म्हणजे ब्रशलेस डीसी मोटरचा, कमी वीज खाणारा पंखा घ्यावा का? आमच्याकडे हॉलमध्ये आणि दोन्ही बेडरूममध्ये होळीच्या आधी हे पंखे लावले. आता दिवाळी आलीये, म्हणून सविस्तर लिहितो.

जास्त वारा लागेल म्हणून घेणार असाल तर घेऊ नका. वारा तेवढाच लागतो. जादा पैसे मोटरचे आहेत. साधा पंखा फुल स्पीडला ७५ वॅटच्या आसपास घेतो, हा ३० च्या आसपास. अकोल्यात मार्चपासून पंखा दिवसाला १५ तास सहज फिरतो, म्हणजे एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचतात. युनिटला १० रुपये धरले तरी २०० रुपये झाले. आम्हाला एक पंखा ३,००० ला पडला, साधा १,६०० ला मिळत होता. वरचे १,४०० सात महिन्यांत वसूल. शिवाय महावितरणच्या बिलात वाचलेले युनिट सगळ्यात वरच्या, महागड्या स्लॅबमधून कमी होतात. कूलरमुळे ज्यांचं बिल ३०० युनिटच्या जरा पुढे जातं, त्यांना हे तीन पंख्यांचे ६० युनिट फार उपयोगी पडतात.

पण मला खरं सुख मिळालं ते मे महिन्यातल्या रात्री. आमच्या भागात संध्याकाळनंतर व्होल्टेज डाऊन होतं. साधा पंखा तेव्हा पाती मोजता येतील इतका मंदावायचा. हा त्याच स्पीडने फिरत राहतो. लाईट गेली की इन्व्हर्टरवरही कितीतरी जास्त वेळ चालतो. एक नंबरवर ठेवला तरी घूं घूं आवाज नाही. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर एवढ्यासाठीही घ्यावा.

दुरुस्तीचं मात्र आधी समजून घ्या. जुलैमध्ये विजांच्या कडकडाटात हॉलमधल्या पंख्याचं सर्किट उडालं. साधा पंखा असता तर वायरमनने दहा मिनिटांत कंडेन्सर बदलून दिला असता. इथे त्याने वरची वाटी खाली घेतली, आतली हिरवी प्लेट पाहिली आणि म्हणाला, "दादा, हे कंपनीलाच दाखवा." कंपनीचा माणूस यायला बरेच दिवस लागले. प्लेट वॉरंटीत मिळाली, पण ऐन दमट दिवसांत हॉल पंख्याविना राहिला, याचा मला अजूनही राग आहे. सर्व्हिस सेंटर तुमच्याच गावात आहे का आणि सर्किटची वॉरंटी किती वर्षांची, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. बसवताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून थेट स्विच द्यायला सांगा; रेग्युलेटरमधून चालवला तर सर्किटवर ताण येतो.

दिवे लावलेले, ॲपवर चालणारे पंखे आणखी महाग मिळतात. त्यांच्यावर पैसे घालवू नका, वीज तेवढीच वाचते. २०२३ पासून सगळ्याच छताच्या पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचं आहे, त्यावर पाच तारे बघून घ्या. देवघर, पाहुण्यांची खोली, जिथे पंखा तासभरच फिरतो, तिथे साधाच ठेवा. आम्हीही तिथले पंखे बदलले नाहीत.