लाजाळू मुलाला कुठे घालावं: कराटे, ज्युदो की मल्लखांब?

मुलगा सात वर्षांचा असताना त्याला पहिल्यांदा कराटेच्या क्लासला नेलं आणि वीस मिनिटं आम्ही दोघं दारातच उभे राहिलो. त्याच्या मुठीत माझी ओढणी, नजर चपलांच्या ढिगावर. आत तीसेक मुलं एका सुरात "इच, नी, सान" मोजत होती. शेवटी तसेच घरी आलो. सासूबाई म्हणाल्या, "सोडून ये त्याला आणि मागे वळून बघू नकोस, दोन दिवस रडेल." माझ्या भावाचं मत त्याला सरळ तालमीत घालावं असं होतं. पुढच्या दोन वर्षांत मी कराटे, ज्युदो, मल्लखांब आणि मध्ये थोडे दिवस तायक्वांदो, अशा चारही ठिकाणी भिंतीला टेकून बसले. आधी मुलासाठी, मग भाचीसाठी.

'आत्मविश्वास वाढतो' हे प्रत्येक क्लासच्या बोर्डवर लिहिलेलं असतं, त्यामुळे त्यावरून निवड करता येत नाही. भित्र्या मुलाला प्रश्न वेगळे पडतात. मला कोण हात लावणार? माझ्याकडे किती जण बघणार? मला बोलावं लागेल का? हरलो की काय होतं? या चार प्रश्नांची उत्तरं प्रत्येक प्रकारात निरनिराळी आहेत. शिवाय 'लाजाळू' या एका शब्दात वेगवेगळी मुलं बसतात. माझ्या मुलाकडे चार माणसांनी पाहिलं की त्याचा आवाजच जातो. भाची पोपटासारखी बोलते, पण एक अक्षर चुकलं तर वहीचं पान फाडते. दोघांना एकाच क्लासात घातलं असतं तर एक तरी पळून गेलं असतं.

मुलासाठी कराटे बरं ठरलं, आणि त्याचं कारण रांगा. सगळे एका दिशेला तोंड करून तेच करतात, मागच्या रांगेतल्याला आपण दिसतच नाही असं वाटतं. दुसरं कारण काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका. शोतोकान शैलीतला पहिला काता, हेइआन शोदान, २१ हालचालींचा आहे. कुठे वळायचं, कितवा हात कधी, सगळं ठरलेलं. पुढे काय होणार हे माहीत नसलं की ज्याच्या पोटात गोळा येतो, त्याला ही मोठी सोय. या काता मुळात मुलांसाठीच बसवलेल्या आहेत हे मला नंतर कळलं. जपानच्या ओकिनावा बेटावर आन्को इतोसु यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कराटे शाळांमध्ये नेलं आणि त्यासाठी 'पिनान' काता तयार केल्या. त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये कराटे जपानच्या मुख्य भूमीवर घेऊन गेले आणि पुढे त्यांनी या कातांचं नाव बदलून 'हेइआन' ठेवलं. दोन्हींचा अर्थ शांतता, स्वस्थता असाच.

आणि मग किआय, ती आरोळी. हेइआन शोदानमध्ये ती दोनदा येते. अबोल मुलाला ओरडायला लावणं क्रूर वाटेल, पण तीस आवाजांत एक आवाज निघाला काय, न निघाला काय, कुणाला कळत नाही. महिनाभर माझ्या मुलाचे नुसते ओठ हलत होते. मग एक दिवस पार्किंगमध्ये, स्कूटरच्या मागे बसता बसता, त्याने अशी आरोळी ठोकली की वॉचमन धावत आला.

कराटेची अडचण पुढे येते. बेल्टच्या परीक्षेत बऱ्याच ठिकाणी परीक्षकासमोर एकटं किंवा दोघादोघांनी उभं राहावं लागतं. कुमिते, म्हणजे समोरासमोरची लढत, तीही येतेच. आणि 'शिस्त' या नावाखाली काही ठिकाणी जे चालतं ते मी पाहिलंय. एका क्लासमध्ये सरांनी दुसऱ्याच दिवशी मुलाला पुढे बोलावलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "आवाज घरी ठेवून आलास का?" मुलं हसली. तो क्लास आम्ही तिथेच सोडला. पुढचा शोधायला चार महिने गेले, कारण मुलगा 'कराटे' हा शब्दही ऐकून घेईना.

ज्युदोत पहिल्या दिवसापासून अंगाला अंग लागतं. समोरच्याची बाही आणि कॉलर धरल्याशिवाय काही सुरूच होत नाही. ज्याला परक्याचा स्पर्श सहन होत नाही त्याला हे नकोसं होईल, आणि माझ्या मुलाला झालंच. भाचीचं उलट झालं. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान सुरू केलं. त्यांच्या या ज्युदोत आधी पडायला शिकवतात, पाडायला नंतर. उकेमी म्हणतात त्याला. हनुवटी छातीला, डोकं जमिनीला लागू द्यायचं नाही, तळहात आणि पूर्ण हात मॅटवर आपटायचा. पहिले काही आठवडे बहुतेक वेळ हेच. एका तासात ही मुलगी पन्नासेक वेळा पडली असेल, आणि पडणं हाच धडा असल्यामुळे त्यात चुकण्यासारखं काही उरलंच नव्हतं. घरी येऊन तिने गादीवर आजीला पडून दाखवलं!

जोडीत आळीपाळी असते. एकदा तू मला पाड, मग मी तुला. त्यामुळे पाडलं जाण्यात अपमान राहत नाही. पाठ मॅटला टेकली की टेकली, तेही सगळ्यांना दिसतं. कराटेच्या लढतीत गुण पंच देतात, आणि मनात घोळत ठेवणारं मूल घरी येऊन रात्रभर 'मला का नाही दिला' हे उगाळत बसतं. चुकण्याची भीती असलेल्या मुलासाठी मी डोळे झाकून ज्युदो निवडेन. मात्र जाड मॅट नसतील तर दारातूनच परत फिरा. सोसायटीच्या फरशीवर सतरंजी टाकून कराटे चालतं, ज्युदो चालत नाही. म्हणूनच ज्युदोचे क्लास कमी आणि लांब असतात. आम्हाला तिथे पोचायला दोन बस लागतात.

मल्लखांब या यादीत कसा, असं कुणी म्हणेल. खरं आहे, ही लढाईची कला म्हणता येणार नाही, हा मल्लांचा व्यायाम. पेशवाईच्या शेवटच्या काळात, दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभट दादा देवधरांनी तो पुन्हा उभा केला. पण भित्र्या मुलाच्या बाजूने पाहिलं तर यात एक गोष्ट बाकी कुठेच नाही: समोर कुणी प्रतिस्पर्धीच नसतो. खांब असतो किंवा टांगलेली दोरी असते. दोरीवर पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात ती पकडायची आणि वर सरकायचं. सुरुवातीला बोटांच्या बेचक्यात सोलवटतं, हे आधीच सांगून ठेवा. दोरी कुणाला हसत नाही आणि घाईही करत नाही. बेल्ट नाहीत, म्हणजे बेल्टची परीक्षा आणि तिची फीही नाही. काल अर्ध्यापर्यंत गेलो, आज गाठीपर्यंत गेलो, हे मुलाला स्वतःलाच कळतं.

मल्लखांब शिकवणाऱ्या जुन्या व्यायामशाळा, उदाहरणार्थ दादरचं १९२५ पासूनचं श्री समर्थ व्यायाम मंदिर, यांचा आणखी एक गुण मला आवडतो. तिथे लहानांना सरांच्या बरोबरीने मोठे दादा-ताया शिकवतात. सरांशी न बोलणारं मूल बारा वर्षांच्या ताईशी बोलतं.

पण इथे नजर चुकवता येत नाही. एक जण चढतो आणि बाकीची रांग बघत बसते. आणि कपडे! कराटे-ज्युदोचा पोशाख मनगटापासून घोट्यापर्यंत झाकतो. खांबावर मात्र मुलगे बहुधा उघड्या अंगाने, छोट्या चड्डीवर असतात, कारण अंगाची पकड लागते. दुसरीतल्या मुलाला याचं काही वाटत नाही, सहावीतल्या जरा स्थूल मुलाला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मोठ्या माणसांच्या हे लक्षातच येत नाही. मुलगा संकोची असेल आणि वय दहाच्या पुढे गेलं असेल, तर मल्लखांबाचा आग्रह मी धरणार नाही.

तायक्वांदो थोडक्यात. २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून तो पदकाचा खेळ आहे, त्यामुळे अनेक क्लासांचा ओढा स्पर्धांकडे. हेल्मेट आणि छातीवरच्या गार्डमुळे काही भित्र्या मुलांना उलट सुरक्षित वाटतं, हेही पाहिलंय. कातासारखं पूमसे तिथेही आहे. क्लास पूमसे मन लावून शिकवत असेल तर जरूर जा. पहिल्याच भेटीत जिल्हास्पर्धेचा आणि दहावीच्या वाढीव गुणांचा विषय निघाला तर आपल्या मुलाची ती जागा नव्हे. भावाच्या तालमीबद्दल सांगायचं, तर १९५२ साली हेलसिंकीत पदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांचं नाव त्याने मला दर दिवाळीला ऐकवलं. पण उघडं अंग, परका स्पर्श आणि भोवती बघे, हे तिन्ही एकदम म्हणजे माझ्या मुलासाठी पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलणंच होतं.

प्रकार ठरला तरी अर्धंच काम झालं. एक पूर्ण तास मुलाला न घेता जाऊन बसा आणि फक्त शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या मुलाकडे बघा. सरांना त्याचं नाव माहीत आहे का? तो चुकला की सर जवळ जाऊन सांगतात की लांबून ओरडतात? मग मुलाच्या अपरोक्ष एवढंच विचारा: "महिनाभर त्याला एकट्याला पुढे बोलावलं नाही तर चालेल का?" आमचे आत्ताचे सर म्हणाले, "दोन महिने घ्या." आधीच्या एका ठिकाणी उत्तर आलं होतं, "इथे आला की सुतासारखा सरळ होतो." पहिले दोन-तीन दिवस मुलाला नुसतं बघू द्या. नंतर दहा मिनिटं लवकर न्या, हॉल रिकामा असताना. भरलेल्या खोलीत शिरणं त्यांना सगळ्यात जड जातं. आपण आधीपासून आत असलो की येणारे दुसरे असतात.

एक मात्र मोकळेपणाने सांगते. मूल घरी बोलतं पण शाळेत महिनोन्‌महिने अजिबात बोलत नाही, रोज सकाळी पोट दुखतं, झोप उडाली आहे, असं असेल तर आधी बालरोगतज्ज्ञ किंवा मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. क्लास सोबत चालू ठेवता येतो, पण तो उपचार नव्हे आणि सर डॉक्टर नव्हेत.

पैसे एकाच महिन्याचे भरा. बेल्टची परीक्षा वर्षातून किती वेळा आणि तिची फी किती, हे त्याच दिवशी विचारा. पोशाख तर शेवटी घ्या. आमच्याकडे तायक्वांदोचा एक कोरा ड्रेस घडी न मोडता कपाटात पडून आहे. १२० सेंटिमीटर उंचीच्या मुलाला येईल, कुणाला हवा असेल तर.