छोट्या कॅम्पिंग ट्रेलरसाठी घरी केलेलं सामान: आठ महिन्यांनंतर

ट्रेलर घेतला तेव्हा आत एक गादी आणि मागे छोटा ओटा, एवढंच होतं. बाकीचं सुट्टीच्या दिवशी ड्रिल मशीन घेऊन मीच जोडलं. आठ महिन्यांत त्यातलं काही छान टिकलं, काही रस्त्यानं खाल्लं.

सगळ्यात जास्त वापरलं ते बाजूला टांगलेलं घडीचं टेबल. 12 मिमी प्लायवूड, लांब पट्टीची बिजागरी आणि दोन साखळ्या. पहिल्याच प्रवासात एक साखळी सुटून पत्र्यावर आपटत राहिली, तिथला रंग गेला तो गेलाच. साधे नट हादऱ्यांनी सैल होतात हे माहीत होतं, पण इतक्या लवकर? आता सगळीकडे आत नायलॉनची कडी असलेले लॉकनट बसवलेत आणि त्यानंतर पाना हातात घ्यावा लागलेला नाही. प्लायवूडला वॉर्निशचे तीन हात दिले होते, तेही वरून-खालून. कडा विसरलो. दोन पावसांत कडा फुगल्या, कारण पाणी शिरतं ते तिथूनच.

फळीसाठी भिंतीला पाडलेली भोकं सिलिकॉननं बुजवली होती. दोन महिन्यांत एका स्क्रूपाशी ओल आली. सगळं खरवडून ब्युटाइल टेप, म्हणजे रबरासारखी मऊ चिकट पट्टी, लावली. ती कडक होत नाही, पत्र्याबरोबर हलते, म्हणून अजून कोरडं आहे.

दिव्याबद्दल तक्रार नाही. 12 व्होल्टची 5 वॅटची एलईडी पट्टी जेमतेम 0.4 अँपिअर घेते, रोज चार तास लावली तरी बॅटरीला जाणवत नाही. फ्यूज मात्र बॅटरीच्या धन टोकाला अगदी चिकटून हवा. मी आधी दिव्यापाशी लावला होता, म्हणजे मधल्या सगळ्या वायरला फ्यूजचं संरक्षणच नव्हतं.

खरी चूक पाण्याच्या टाकीची. 20 लिटर म्हणजे 20 किलो, आणि ती मी मागच्या ओट्याखाली ठेवली, गॅसच्या शेगडीशेजारी. वेग वाढला की ट्रेलर शेपटी हलवू लागे. ट्रेलर गाडीला जोडतो त्या हुकाखाली घरातला वजनकाटा ठेवून पाहिलं, तर 28 किलो. भरलेला ट्रेलर 450 किलोचा, म्हणजे हुकावर त्याच्या निदान दहा टक्के, 45 तरी हवे होते. टाकी आता आसाच्या जरा पुढे असते. आकडा वाढला आणि गाडी सरळ चालते. बाकी सगळं सामान एकीकडे, हे मोजणं एकीकडे.

मच्छरदाणीचं चिकट वेल्क्रो उन्हात पहिल्याच आठवड्यात सुटलं. दाराला फिरवून अडकवायच्या फिरक्या लावून त्यांत बसेल अशी तीच जाळी शिवून घेतली.

आणि ज्यावर सगळ्यात कमी मेहनत घेतली, त्या जुन्या जीनच्या खिशांच्या पट्टीत आजही चष्मा, टॉर्च आणि किल्ल्या बरोबर सापडतात.